घोडे दमले, रसिक नाहीत

बॉब डिलनचा चाहता ओळखायचा असेल तर त्याला डिलनबद्दल विचारा. तो आधी तक्रार सांगतो. लताबाईंचा चाहता डोळे मिटून 'काय आवाज!' म्हणतो आणि मोकळा होतो. डिलनच्या माणसाला ती सोय पहिल्या दिवसापासून नाही. 'आवाजाचं सोडा, शब्द ऐका,' असं त्याला म्हणावं लागतं. समोरचा भिडेखातर शब्द ऐकायला बसतो, पण ते नाकातून येत असल्यामुळे निम्मे कळत नाहीत. मग 'निदान वाचून तरी बघा' अशी विनवणी सुरू होते. २०१६ साली डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा जगाला धक्का बसला. आम्हाला हायसं वाटलं. इतकी वर्षं आम्ही एकट्यानेच वाहिलेलं ओझं आता स्वीडिश अकादमीनेही खांद्यावर घेतलं होतं.

पण आमच्यात खरी भांडणं नोबेलवरून होत नाहीत. ती होतात 'सेल्फ पोर्ट्रेट'वरून.

हा अल्बम अमेरिकेत ८ जून १९७० रोजी बाजारात आला. दोन तबकड्या, चोवीस गाणी आणि वर डिलनने स्वतःच्या हाताने रंगवलेला एक चेहरा. चेहरा कोणाचा, इथूनच मतभेद सुरू होतात. नाव 'सेल्फ पोर्ट्रेट' आहे म्हणून तो त्याचाच असणार, एवढाच काय तो पुरावा. दुसऱ्याच दिवशी प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. सोमवारी अल्बम, मंगळवारी डॉक्टर. विद्यापीठातल्या कोणी सोमवारी रात्री तो अल्बम ऐकला असता तर मंगळवारचा कार्यक्रम 'काही अपरिहार्य कारणास्तव' पुढे गेला असता, असं आमच्यातली दुष्ट माणसं म्हणतात.

त्या वेळचं वातावरण लक्षात घ्या. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. महिन्याभरापूर्वीच, ४ मेला, ओहायोमधल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले होते. 'ब्लोइंग इन द विंड' लिहिणारा माणूस आता काय बोलतो याकडे एका अख्ख्या पिढीचे कान लागले होते. पोरांनी जेवणाचे पैसे वाचवून महागडी दुहेरी रेकॉर्ड घेतली, खोलीचं दार लावलं, मित्र जमवले, सुई ठेवली.

आणि गाणं लागलं घोडे दमल्याचं.

'ऑल द टायर्ड हॉर्सेस'. उन्हात दमलेले घोडे, सवारी करायची कशी, एवढाच मजकूर. शब्द मोजून दोन ओळींचे. मागे व्हायोलिनं, पुढे बायकांचा कोरस, आणि तीन मिनिटं तेच ते पुन्हा पुन्हा. डिलन आत्ता येईल, मग येईल म्हणून सगळे श्वास रोखून बसले आणि गाणं संपलं. डिलन त्यात गातच नाही! पिढीचा आवाज म्हणून ज्याला डोक्यावर घेतलं, त्याने पिढीला पहिल्याच गाण्यात स्वतःचा आवाज ऐकवला नाही.

पुढच्या गाण्यांमध्ये आवाज आहे, पण तो असल्याने गोष्टी सुधारतात असं नाही. 'ब्लू मून' हे आधीच्या पिढीच्या नाचघरांतलं गाणं तो अगदी मनापासून गातो. पॉल सायमनचं 'द बॉक्सर' तर तो स्वतःच स्वतःच्या साथीने गातो. एक डिलन वरच्या पट्टीत, दुसरा खालच्या, आणि दोघांची आधी भेट झाली असावी असं कुठेही वाटत नाही. 'लिटल सेडी' दोनदा आहे. 'अल्बर्टा'ही दोनदा आहे, एकदा सुरुवातीला आणि एकदा सगळ्यात शेवटी, न जाणो कोणाची चुकली असली तर! 'विगवॅम'मध्ये शब्दच नाहीत, नुसतं 'ला ला ला'. आणि आइल ऑफ वाइटच्या मैफलीतलं 'लाइक अ रोलिंग स्टोन' आहे, ज्यात तो स्वतःच्याच सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या शब्दांना ठेचकाळतो. थोडक्यात, गीतकार म्हणून ज्याची कीर्ती त्याने दुसऱ्यांची गाणी घेतली, आणि जिथे स्वतःचे शब्द घेतले तिथे ते पाठ नव्हते.

'रोलिंग स्टोन' मासिकात ग्रील मार्कस या समीक्षकाने परीक्षण लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य एक शिवी घालून विचारलेला प्रश्न आहे. आपल्याकडे छापायचं तर फुल्या माराव्या लागतील. चोवीस गाण्यांच्या अल्बमवर त्याने चोवीस आकडे टाकून लांबलचक मजकूर लिहिला. म्हणजे शिवी दिल्यावर तो उठून गेला नाही, शेवटपर्यंत बसला. हा मार्कस काही डिलनचा वैरी नव्हे. डिलन नुसता जोरजोरात श्वास घेतानाची रेकॉर्ड निघाली तरी मी ती विकत घेईन, असं एकेकाळी म्हणणारा हा भक्त. पण भक्ताचं रागावणं वेगळंच असतं. शेजाऱ्याने फसवलं तर माणूस पोलिसात जातो, देवाने फसवलं तर हजार शब्द लिहितो.

आता गंमत बघा. हा अल्बम अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढला आणि ब्रिटनमध्ये पहिला आला. याचा हिशेब असा की शिव्या देणाऱ्यांनीही तो आधी रोख पैसे मोजून घेतला होता. फुकट ऐकून नावं ठेवण्याचा जमाना अजून यायचा होता.

मग सुरू झाली कारणमीमांसा. डिलनसारख्या माणसाकडून वाईट अल्बम सहज होईल हे कोणाला पटेना. तो मुद्दाम केला असणार, त्यात काहीतरी गूढ असणार. चाहत्यांच्या या शोधकवृत्तीला आधीची परंपरा होतीच. १९६७ च्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'च्या मुखपृष्ठावर डिलनच्या दोन बाजूंना बंगालचे बाउल गायक आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. आपल्याकडच्या कोणाचंही लक्ष आधी त्यांच्याकडे जाईल. हे दोघे वीरभूमचा एकतारा घेऊन अमेरिकेत कसे पोचले, हा प्रश्न पडेल. तिकडच्या चाहत्यांना तो पडला नाही. त्यांनी मुखपृष्ठ उलटं धरलं आणि मागच्या झाडाच्या सालीत बीटल्सचे चेहरे शोधून काढले. साक्षात बाउल समोर उभे असताना झाडात बीटल्स बघायला वेगळीच साधना लागते.

न्यूयॉर्कमध्ये एक गृहस्थ त्याही पुढे गेले. ते डिलनच्या घराबाहेरचा कचऱ्याचा डबा उपसायचे आणि त्यातल्या चिठ्ठ्याचपाट्यांवरून त्याच्या गाण्यांचे अर्थ लावायचे. त्यांनी त्याचं रीतसर शास्त्रच केलं. कचऱ्यातून डिलन शोधायचा म्हणजे रोज पहाटे उठायचं, वासाकडे दुर्लक्ष करायचं, केवढे कष्ट! 'सेल्फ पोर्ट्रेट'च्या टीकाकारांचं म्हणणं असं की कोलंबिया रेकॉर्ड कंपनीने तीच सोय दुकानात करून दिली.

डिलनने स्वतःही खुलासे केले, आणि त्याच्या खुलाशांनी भांडण मिटण्याऐवजी दर वेळी नवी तुकडी तयार झाली. १९८४ च्या एका मुलाखतीत तो म्हणाला की लोक घरापर्यंत येऊन छळायला लागले होते, म्हणून त्यांना आवडूच शकणार नाही असं काहीतरी काढून टाकलं, म्हणजे ते दुसरा कोणी शोधतील. मग दुहेरी अल्बम का? तर टाकाऊच द्यायचं तर भरपूर का देऊ नये! पुढच्याच वर्षी त्याने वेगळं सांगितलं. लोक माझ्या गाण्यांच्या चोरट्या रेकॉर्डी काढत होते, मी स्वतःच स्वतःची एक काढली. २००४ च्या आत्मचरित्रात तिसरी हकीगत आहे. सुचलं ते भिंतीवर फेकलं, चिकटलं ते छापलं, आणि जे खाली पडलं तेही गोळा करून छापलं. आता ज्याला अल्बम आवडत नाही तो १९८४ ची मुलाखत दाखवतो. ज्याला आवडतो तो म्हणतो, डिलनच्या कोणत्याही मुलाखतीवर कोण विश्वास ठेवतो? दोघांचंही बरोबर आहे.

माझ्या मते खरं दुखणं अल्बमचं नाहीच. रसिक हा सावकारासारखा असतो. गायकाच्या पहिल्या चार रेकॉर्डी घेतल्या की त्याला वाटतं, आपण भांडवल गुंतवलंय. आता त्याने आपण सांगू त्या आवाजात, आपण ठरवू त्या वाद्यावर, आपल्याला मान्य असलेल्या देवाबद्दल किंवा देव नसल्याबद्दल गायचं आणि व्याज नियमित पोचवायचं.

हे व्याज डिलनने पहिल्यांदा थकवलं १९६५ साली. २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. का उडवली, यावरही एकमत नाही. कोणी म्हणतं विजेच्या गिटारमुळे, कोणी म्हणतं ध्वनिव्यवस्था इतकी वाईट होती की काही ऐकूच येत नव्हतं, कोणी म्हणतं तीनच गाणी गाऊन तो आत गेला म्हणून. लोकगायक पीट सीगरने कुऱ्हाड घेऊन वायर तोडायला धाव घेतली ही दंतकथा तर आजही जिवंत आहे. सीगरचं स्वतःचं म्हणणं होतं की माझा राग विजेवर नव्हता, शब्द कळत नव्हते म्हणून होता. डिलनचे शब्द कळत नाहीत ही तक्रार करणारा तो पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हे, पण त्यासाठी कुऱ्हाडीपर्यंत गेलेला तोच.

लाकडी गिटार पवित्र आणि विजेची बाटगी, हा वाद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवलं होतं. पेटी परदेशी, पेटीत श्रुती नाहीत, पेटीवर मींड निघत नाही. आणि इकडे नाट्यसंगीताच्या जीवावर वाढलेला अख्खा महाराष्ट्र पेटीच्या सुरात सूर मिसळून पदं म्हणत होता. कुऱ्हाड तेवढी कोणी काढली नाही. आपल्याकडे परिपत्रक काढतात.

न्यूपोर्टनंतर दहाएक महिन्यांनी, १७ मे १९६६ ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये दोन गाण्यांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांतून कोणीतरी 'ज्यूडास!' असं ओरडलं. येशूला दगा देणाऱ्या शिष्याचं नाव. सूर्याजी पिसाळ म्हणावं तसं. ती आरोळी रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ उमटली आहे, डिलनच्या शब्दांपेक्षा स्वच्छ. त्या मैफलीची चोरटी रेकॉर्ड वर्षानुवर्षं फिरली ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने. १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे काढली, तेव्हा लोकांना तेच चुकीचं नाव सवयीचं झालेलं म्हणून अवतरणचिन्हांत तसंच ठेवलं. आणि मग 'तो ओरडणारा मीच' म्हणून एक नव्हे, दोन माणसं पुढे आली. शिवी द्यायला एक पुरला होता, श्रेयाला दोघे लागले.

आमच्या गोतावळ्यात हे सगळे वाण आहेत. एक मित्र १९६६ नंतरचा डिलन मानतच नाही. त्या वर्षी डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्यानंतर जे गातोय ते वेगळंच काहीतरी आहे, असं तो उत्तरक्रियेच्या सुरात सांगतो. या मित्राचा जन्म १९७१ चा. म्हणजे ज्या डिलनच्या जाण्याने तो हळहळतो, तो याच्या जन्माआधीच 'गेलेला' होता. पण दुःख अस्सल आहे. दुसरा एक मित्र कट्टर नास्तिक. १९७९ मध्ये डिलन ख्रिस्ताची गाणी गायला लागला त्याची खंत त्याला अजून आहे. त्याच्या घरी 'स्लो ट्रेन कमिंग' आहे, पण कपाटात मागच्या रांगेत, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये अशी. २००९ साली डिलनने चक्क नाताळच्या गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा हा आठवडाभर फोन घेत नव्हता.

मध्यंतरी घरी 'सेल्फ पोर्ट्रेट' लावला होता. मावशी डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसली होती. पहिलं गाणं सुरू झालं. बायकांचा कोरस, घोडे, व्हायोलिनं. मावशीचा हात थांबला.

"छान आहे रे. कोण आहे?"

"बॉब डिलन."

"यातला मुख्य कोण गातोय?"

"तो यात गात नाही, मावशी."

"तरीच," मावशी म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

पन्नास वर्षांच्या समीक्षेत या गाण्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. 'द बॉक्सर' लागेपर्यंत मावशी स्वयंपाकघरात गेली होती, पण तिथून आवाज आला, "दोन रेडिओ लागलेत का रे?"

वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांचं मत गाण्यावर नसून व्यवहारावर असतं. चोवीस गाण्यांत दोन गाणी दोन-दोनदा आहेत हे ऐकून त्यांनी 'म्हणजे ग्राहकाला बावीसच मिळाली' असा निर्णय दिला. कॉलेजात जाणारी भाची या सगळ्या प्रकरणापासून मुक्त आहे. तिला डिलन कोण, त्याने पिढीला दगा दिला की नाही, १९७० साली काय चाललं होतं, काही ठाऊक नाही. तिने फोनवर 'विगवॅम' ऐकलं, आवडलं, यादीत टाकलं, पुढे गेली. तिच्या यादीत त्याच्या आधी आनंद शिंदे आहेत आणि नंतर कुठलं तरी कोरियन गाणं. आमच्या १९६६ वाल्या मित्राला हे सांगितलं तर त्याला ही रसिकता वाटली नाही. भोगल्याशिवाय आवडणं त्याच्या हिशेबात बसत नाही.

सावकारीतून सुटलेले काही मोठेही आहेत. शिलाँगला लू माजाव नावाचे गायक १९७२ पासून दर २४ मेला डिलनचा वाढदिवस साजरा करतात. कुठल्या अल्बमचा डिलन, असं ते विचारत नाहीत. वाढदिवस माणसाचा असतो.

'सेल्फ पोर्ट्रेट'नंतर चारच महिन्यांनी, ऑक्टोबर १९७० मध्ये, 'न्यू मॉर्निंग' आला आणि आमचा डिलन परत आला म्हणून जल्लोष झाला. टीका झोंबली म्हणून बिचारा धावत स्टुडिओत गेला, असं टीकाकारांनी धरून चाललं. वस्तुस्थिती अशी की त्यातली बरीच गाणी जूनच्या पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड झाली होती, 'सेल्फ पोर्ट्रेट' दुकानात यायच्या आधी. समीक्षकाला आपल्या लिहिण्याने कोणी सुधारलं असं वाटण्याचा आनंद क्वचितच मिळतो, तो हिरावून घेणं जिवावर येतं, पण तारखा तारखा आहेत.

आणि मग २०१३ उजाडलं. कंपनीने जुन्या फिती काढल्या, त्यांवर नंतर चढवलेली व्हायोलिनं आणि कोरस उतरवले, आणि 'अनदर सेल्फ पोर्ट्रेट' नावाने त्या काळातलं गाणं पुन्हा लोकांपुढे ठेवलं. गिटार, पियानो आणि एक माणूस. काय हळुवार गातो! १९७० मध्ये ज्यांनी कपाळाला हात लावला त्यातल्या अनेकांनी आता तो छातीवर ठेवला. दोष गाण्यात नव्हता, सजावटीत होता, असा नवा सिद्धान्त निघाला. लग्नातल्या फोटोतला भरजरी शालू काढला की नवरी दिसली म्हणायचं, तसलं. या नव्या संचासोबतची टिपणं लिहायला कंपनीने कोणाला बोलावलं असेल? ग्रील मार्कसला. आणि त्याने ती लिहिली.

आमच्या १९६६ वाल्या मित्राला मी हा नवा संच ऐकवला. तो शेवटपर्यंत मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "चांगलं आहे. पण मूळ अल्बमची मजा नाही." ज्या मूळ अल्बमला तो आयुष्यभर डिलनचा मानत नव्हता, त्याचा! वाईट म्हणून का होईना, तो इतकी वर्षं त्याच्या मालकीचा होता, आणि मालकीची वस्तू कोणी परस्पर सुधारलेली चालत नाही.

माझं मत विचारलंत तर, चोवीसपैकी आठ गाणी ठेवण्यासारखी आहेत. 'डेज ऑफ फॉर्टी नाइन' ठेवा, 'विगवॅम' ठेवा, मावशीसाठी घोडे ठेवा. 'कॉपर केटल' तर कितीही वेळा ऐकावं. गाणं आहे जंगलात सरकारची नजर चुकवून हातभट्टी लावण्याचं, आणि डिलन ते असं गातो की दारूबंदी खात्याचा निरीक्षकही दोन मिनिटं थांबेल. आवाज नाही म्हणणाऱ्यांना आम्ही आता तेच ऐकवतो. 'द बॉक्सर' मात्र सोडून द्या, पॉल सायमनने त्याचं काही वाकडं केलेलं नव्हतं. तेव्हा ऐकायचं झालं तर सुरुवात 'कॉपर केटल'पासून करा. आवडलं तर सांगा. नाही आवडलं तर कृपा करून कळवू नका, तो माल आमच्याकडे भरपूर आहे.